सुरुंगातून कुणी चालत नाही

प्रश्न असा आहे: गाझाच्या बातमीत 'सुरुंगातून बाहेर आले' असं ऐकू येतं आणि अफगाणिस्तानच्या बातमीत 'सुरुंगाच्या स्फोटात मूल जखमी'. मग सुरुंग म्हणजे बोगदा की स्फोटक?

स्फोटक. पहिलं वाक्य चूकच आहे. हिंदीतली 'सुरंग' उचलायची, एक उकार वाढवायचा आणि मराठी म्हणून वाचायची! आपल्याकडे त्याला भुयार म्हणतात, आरपार गेलं तर बोगदा. सुरुंग लावतात, पेरतात, उडवतात.

जुना अर्थ मात्र हिंदीनेच जपलाय. संस्कृत 'सुरुङ्गा' म्हणजे भुयारच. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्र' ग्रंथात ती आहे, लाक्षागृहातून पांडव निसटले तीही तीच. आणि तिचं मूळ ग्रीक 'सिरिंक्स': पावा, नळी, वेढ्यात तटाखालून खणलेली वाट. इंजेक्शनची सिरिंज तिची सख्खी बहीण! संस्कृतचे अभ्यासक ओटो स्टाइन यांनी 'अर्थशास्त्र' कधी लिहिलं गेलं याचा वाद मांडला तो याच शब्दावर: ग्रीक शब्द आलाय, म्हणजे ग्रंथ ग्रीकांशी संबंध आल्यानंतरचा. काहीजण शब्दाचं मूळ आग्नेय आशियातल्या भाषांत शोधतात. ते मला मुळीच पटत नाही. उच्चार जुळतो, वेढ्यातला नेमका अर्थही जुळतो. मग इतकं लांब जायचं कशाला?

पुढे तटाखालच्या भुयारात दारू ठासून बुरूज उडवू लागले आणि वाटेचं नाव स्फोटाला चिकटलं. विहिरीच्या खडकातला सुरुंग त्याच घराण्यातला: भोक, दारू, वर ठासलेली माती, वात. पण तिथे वात पेटवणारा आधी ओरडून माणसं लांब करतो. युद्धातल्या सुरुंगाची वात म्हणजे येणाराजाणाराच.

याला 'भूसुरुंग' म्हणतात, पण त्यातला 'भू'सुद्धा दरवेळी खरा नसतो. सोव्हिएत फौजांनी अफगाणिस्तानात हवेतून टाकलेला 'पीएफएम-१' हा सुरुंग जमिनीवर उघडा पडतो. प्लॅस्टिकचा, जेमतेम १२ सेंटिमीटर, वजन ७५ ग्रॅम, त्यात ३७ ग्रॅम द्रव स्फोटक. पंख दिलेत ते तरंगत उतरावा म्हणून; मुलांना ते खेळणं वाटतं. शिवाय दाब साठत जातो. तीनदा दाबून काही होत नाही, चौथ्यांदा हात उडतो.

आणि 'जखमी'? जखम भरते. मुलाचं तुटलेलं हाड वाढतच राहतं, खुंटाच्या टोकाशी कातडी फाडू पाहतं, पुन्हा कापावं लागतं. कृत्रिम पाय साधारण दर सहा महिन्यांनी बदलावा लागतो, कारण मूल वाढत असतं. 'पाय गमावला' हेही नको; गमावतो तो निष्काळजी माणूस. 'सुरुंगाने पाय तोडला' असं कर्ता घालून लिहा.