मुदत ठेव मोडून शस्त्रक्रिया आताच करावी का?

खोकताना, शिंकताना आणि जिना चढताना लघवी गळते म्हणून डॉक्टरांनी आपल्याला टेपची (मूत्रमार्गाला आधार देणारी कृत्रिम जाळीची पट्टी बसवण्याची) शस्त्रक्रिया सुचवली आहे आणि रुग्णालयाने 1,60,000 रुपयांचा अंदाज दिला आहे. आरोग्य विम्याला 14 महिने झाले असून पॉलिसीत अशा शस्त्रक्रियांसाठी 24 महिन्यांचा प्रतीक्षा कालावधी आहे, म्हणजे तोवर विमा त्यांचा खर्च देत नाही. तेव्हा मुलीच्या शिक्षणाची 3,00,000 रुपयांची मुदत ठेव मोडावी का, असे आपण विचारले आहे. पॅडवर महिन्याला 900 रुपयेच जातात, मग एवढा खर्च कशाला, हे यजमानांचे म्हणणेही आपण कळवले आहे.

वर्षाला 10,800 रुपये धरले तर शस्त्रक्रियेचा खर्च भरून निघायला जवळजवळ 15 वर्षे लागतील, हे खरे. परंतु आपण बंद केलेल्या शिकवण्या, सोडलेले सकाळचे फिरणे आणि टाळलेली लग्नकार्ये या हिशेबात कुठेच धरलेली नाहीत. संकोचापोटी कितीतरी जणी हे वर्षानुवर्षे सोसतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. हा खर्च मी अनावश्यक मानत नाही.

तरीही ठेव आज मोडू नये. ही शस्त्रक्रिया तातडीची नसते, आणि त्याआधी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम निदान तीन महिने करून पाहावेत, अशी वैद्यकीय शिफारस आहे. काहींना तेवढ्यानेच पुरेसा आराम पडतो. टेप कायमची बसवली जाते व नंतर काढणे अवघड असते, त्यामुळे जाळीऐवजी टाक्यांनी आधार देणारी शस्त्रक्रिया किंवा स्वतःच्याच शरीरातील ऊतीची पट्टी हे पर्यायही डॉक्टरांना विचारावेत. इंग्लंडमध्ये जुलै 2018 मध्ये अशा जाळीचा वापर थांबवण्यात आला होता, तेव्हा घाई न केलेलीच बरी.

या तीन महिन्यांत विमा कंपनीकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: या शस्त्रक्रियेचा खर्च 24 महिन्यांनंतर नक्की मिळेल का, आणि खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे का, कारण मर्यादेबाहेरची खोली घेतल्यास इतर खर्चातही कपात होऊ शकते. पॉलिसी घेण्यापूर्वी याच तक्रारीसाठी डॉक्टरांना दाखवले असेल, तर ते लपवू नये. पूर्वीच्या आजाराचा प्रतीक्षा कालावधी 36 महिन्यांपर्यंत असू शकतो आणि लपवल्यास दावा नाकारला जाऊ शकतो.

व्यायामाने फरक पडला नाही आणि त्रास असह्य झाला, तर विम्यासाठी सोसत बसू नये. ठेव न मोडता तिच्यावर कर्ज काढावे, शिकवण्या पुन्हा सुरू झाल्यावर ते फेडावे, आणि शस्त्रक्रिया करून घ्यावी.