सहाव्या दिवशी बंद केलेल्या गोळ्या

बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेल्या आजींनी खुर्चीत टेकताच पदराची गाठ सोडली. आत गोळ्यांची पाकिटं. अल्सरवरच्या, म्हणजे पोटातल्या जखमेवरच्या, चौदा दिवसांच्या कोर्समधल्या निम्म्याहून जास्त गोळ्या तशाच होत्या.

"आग थांबली, म्हणून सहाव्या दिवशी सोडल्या. आता परत जळजळ. मॅडम, पोटात चिकटलेला हा जंतू सुटतच नाही का?"

घरचे म्हणत, ठेचा खाऊन आणि घोर लावून घेऊन तुम्हीच अल्सर ओढवून घेतला. त्यांनाही ते पटलं होतं. मला याचंच फार वाईट वाटलं. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ नंतर अल्सरमागचा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू पुढे आणला, तोवर डॉक्टरही चिंतेला आणि तिखटालाच दोष देत. त्या कामाला २००५ साली नोबेल मिळालं.

जठरातल्या आम्लात बहुतेक जंतू मरतात. हा स्वतःभोवती अमोनिया करून आम्ल मारतो, शेपट्या हलवत आतल्या बुळबुळीत थरात शिरतो. काही थेट अस्तराच्या पेशींना धरतात. पेशींवर साखरेच्या रेणूंच्या बारीक साखळ्या असतात, जंतूच्या अंगावरची प्रथिनं नेमक्या त्याच पकडतात.

"मग चहातली साखर सोडू?"

ती साखर वेगळी, हे समजावलं. आजी जरा थांबल्या. "लुगड्याला कुसळं लागत्यात तसं?"

अगदी तसं. त्यात सूज आली की पेशींवर वेगळ्या साखळ्या वाढतात आणि जंतूला धरायला आणखी जागा मिळते. आम्ल कमी करणारी गोळी आग लवकर थांबवते, पण जंतू मारायला अँटिबायोटिक पुरं घ्यावं लागतं. अर्धवट सोडलं तर उरलेले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. म्हणून उरलेल्या गोळ्या पुन्हा सुरू करू नका म्हटलं आणि त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी औषध बदलून दिलं.

मग हळूच नातवाचं निघालं. लागण होईल म्हणून चार महिने त्याला मांडीवर घेतलं नव्हतं. मांडीवर घेतल्यानं काही होत नाही, घास चावून भरवू नका, हात साबणानं धुवा, पाणी उकळून द्या, एवढंच सांगितलं.

जंतू गेला का, हे कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी तपासतात. ती तारीख ज्वारीच्या काढणीत येत होती. आजींनी ती आठवडाभर पुढं मागून घेतली, आणि या वेळी गोळ्यांचा कागद पदराला न बांधता सुनेच्या हातात दिला.