ब्रिटिश अभिनेत्री डेबोरा कार यांनी सिनेमा कधी सोडला? कोणता चित्रपट आधी पाहावा?

1969 नंतर. पडद्यावरची वाढती नग्नता आणि हिंसा त्यांना रुचेना, म्हणून त्या रंगभूमीकडे वळल्या. 1985 मध्ये 'द आसाम गार्डन'साठी परतल्या, सोबत अभिनेत्री मधुर जाफरी. मोठ्या पडद्यावरचं ते शेवटचं काम.

सुरुवात 'ब्लॅक नार्सिसस'पासून (1947) करा. गोष्ट हिमालयातली, पण चित्रीकरण मुख्यतः लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत. मागचे डोंगर म्हणजे काचेवरची चित्रं आणि खडूने रंगवलेले मोठे कृष्णधवल फोटो! मग 'फ्रॉम हिअर टू इटर्निटी' (1953). 'द किंग अँड आय'मधली (1956) त्यांची गाणी मात्र बहुतांशी गायिका मार्नी निक्सनच्या आवाजात आहेत.

सहा ऑस्कर नामांकनं, एकदाही बाहुली नाही. 1994 मध्ये मानद ऑस्करवर बोळवण.