दुसऱ्या, म्हणजे दुभंगलेल्या टाळूच्या ऑपरेशनची तयारी

ताई, बाळाच्या दुभंगलेल्या ओठाचं ऑपरेशन झालंय म्हणून टाळूचंही (तोंडाच्या आतल्या छताचं) तसंच पार पडेल असं धरू नका. खरी कसोटी खाण्यापिण्याची असते.

जाताना जुनं डिस्चार्ज कार्ड आणि भुलीच्या नोंदी न्या. सर्दी, ताप किंवा खोकला असेल तर लपवू नका. श्वासनलिका चिडलेली असते, भूल देताना श्वास अडकू शकतो. तारीख पुढे गेली तरी चालेल. उपाशी ठेवण्याचा साधारण नियम असा: वरचं दूध आणि जेवण 6 तास, आईचं दूध 4 तास, साधं पाणी 2 तास आधी बंद. आजी मायेनं चमचाभर दूध पाजते आणि ऑपरेशन रद्द होतं, तेव्हा घरात सगळ्यांना बजावून ठेवा.

नंतर बाटली, स्ट्रॉ, चोखणी सगळं बंद. पातळ पेज, गाळलेलं वरण उघड्या कपातून द्या. चमचा ओठांपाशीच थांबवा, टाळूला लागता कामा नये. प्रत्येक वेळी वर दोन घोट पाणी. इंदूरकर पाहुणे हमखास पोहे-शेव घेऊन येतात. शेवेचा एक कण टाक्यांत रुतला तरी टाका सुटून भोक राहू शकतं, म्हणजे तिसरं ऑपरेशन. तोंडात बोटं जाऊ नयेत म्हणून कोपरांना पट्टे देतात; ते एकेक करून सोडा, हात हलवून घ्या, त्वचा बघा.

पॅरासिटामॉलची बाटली नीट वाचा. 5 मिलीत 120 मिग्रॅ आणि 250 मिग्रॅ अशी दोन्ही सिरप मिळतात, गफलत झाली तर डोस दुप्पट होतो. दुखणं दाबलेलं असलं की मूल पितं.

ताजं लाल रक्त येत असेल, मूल सारखं गिळत असेल किंवा लघवी फार कमी झाली असेल तर सकाळची वाट बघू नका, लगेच निघा.