करप्याची बुरशी डबीत शांत, पानावर घातक का?

राजापूरच्या खाचरातून आणलेली करप्याची बुरशी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नुसती राखाडी तंतूंनी पसरते, मग भाताच्या पानावर तीच इतकी घातक कशी होते आणि तिच्यातलं 'विषारी जनुक' काढता येईल का, असं तुम्ही विचारलंत.

असं एकच वेगळं विषारी जनुक शोधू नका. मॅग्नापोर्थे ओरायझी या बुरशीची रोग घडवण्याची ताकद तिच्या वाढीच्या टप्प्यांतच आहे. कोणत्या टप्प्यावर कुठली जनुकं चालू करायची, ते डीएनएला चिकटून ठरवणारी प्रथिनं म्हणजे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर.

ओल्या पानावर बीजाणू पडला की चिकटतो आणि त्यातून बारीक नळी निघते. खालचा पृष्ठभाग कडक आणि मेणचट आहे हे तिला जाणवलं की टोक फुगून घुमटाकार अवयव बनतो, त्याला अ‍ॅप्रेसोरियम म्हणतात. त्याच्या भिंतीत मेलॅनिन या गडद रंगद्रव्याचा थर बसतो, आत ग्लिसरॉल साचतं, ते पाणी ओढतं आणि दाब ८० वातावरणांपर्यंत चढतो. मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या सुमारे चाळीसपट! त्या जोरावर खालची अणकुचीदार खुंटी पानात घुसते.

मला सगळ्यांत बोलका वाटतो तो एमएसटी१२ चा पुरावा. पीएमके१ हे प्रथिन संदेश पुढे पोचवतं. ते काढलं तर अ‍ॅप्रेसोरियम बनतच नाही. पण त्याच्या हाताखालचा ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर एमएसटी१२ काढला, तर अ‍ॅप्रेसोरियम बनतं, पानात मात्र शिरता येत नाही. हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे अवयव बनवणं आणि तो वापरणं, यांचे हुकूम वेगळे. एचटीएफ१ हा दुसरा ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर काढला तर बीजाणूच तयार होत नाहीत, मग रोग पसरणार कसा?

प्रयोगशाळेत हे फॅक्टर काढता येतात. खाचरातल्या बुरशीतून नाही. तिथे आपण एक पायरी खाली मारा करतो. ट्रायसायक्लाझोल हे बुरशीनाशक मेलॅनिन बनू देत नाही, त्यामुळे दाब टिकत नाही आणि खुंटी घुसत नाही. म्हणूनच ते लागण होण्याआधी पानावर हवं. डोळ्याच्या आकाराचे ठिपके पडल्यावर फवारलं तर ते ठिपके जात नाहीत, फक्त पुढची लागण अडते. आणि ढगाळ, दमट हवेत युरियाचा जादा हप्ता देऊ नका, त्याने करपा बळावतो.

कडा करपा मात्र जिवाणूचा रोग आहे, त्यावर हे औषध चालत नाही. फवारण्याआधी नेमकं काय आहे ते ओळखून घ्या.