विचारा बिनधास्त: केळीच्या रिपोर्टातला आकडा आणि न चमकणारा प्रोब

प्रश्न (रावेर तालुक्यातून): टिश्यू कल्चरची रोपं उचलण्याआधी दोन नमुने बंची टॉप या व्हायरसच्या रोगासाठी लॅबला दिले होते. एकापुढे सीटी 22, दुसऱ्यापुढे 32 आलंय. 32 वाल्यात रोग जास्त ना? आणि खाली 'प्रोब' लिहिलंय ते काय असतं?

उत्तर: भाऊ, उलटं आहे. पीसीआर मशीनमध्ये दर फेरीला व्हायरसचा डीएनए दुप्पट होत जातो आणि कितव्या फेरीला उजेड दिसायला लागला तो आकडा म्हणजे सीटी, त्यामुळे लवकर दिसला तर व्हायरस जास्त. दहा फेऱ्यांचा फरक म्हणजे जवळपास 1000 पट! पण म्हणून 32 वालं चालेल असं अजिबात समजू नका. लॅबला एवढंच विचारा की त्याच प्लेटमधला नुसत्या पाण्याचा कंट्रोल (नमुन्याऐवजी पाणी घातलेली ट्यूब) कोरा राहिला होता का, राहिला असेल तर तेही रोप नको, कारण बंची टॉपवर औषध नाही आणि एक रोप शेतात गेलं की मावा कीड रोग पसरवायचं पुढचं काम करते.

आता प्रोब. डीएनएचा 20-30 अक्षरांचा तुकडा, त्या व्हायरसलाच चिकटेल असा बनवलेला. एका टोकाला चमकणारा रंग, दुसऱ्या टोकाला त्याचा उजेड गिळणारा क्वेंचर. तुकडा अख्खा आहे तोवर अंधार, टॅक एन्झाइम कॉपी करत करत तिथं पोचलं की प्रोब तोडतं, रंग सुटतो आणि चमकतो. 1991 मध्ये हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा प्रोबवर किरणोत्सारी खूण होती, चमकणारा रंग दोनेक वर्षांनी आला आणि मग ट्यूब न उघडता मोजता यायला लागलं.

प्रश्न (धुळ्याहून, लॅबमधून): आम्हीपण केळीचेच सॅम्पल करतो. पक्कं पॉझिटिव्ह सॅम्पल लावलं तरी ग्राफ सपाट, आणि उजेड पहिल्या फेरीपासूनच जास्त. सर म्हणतात प्रोब नवीनच आहे, प्रायमर (डीएनएची कॉपी जिथून सुरू होते ते छोटे तुकडे) बघ.

उत्तर: ताई, मला तर प्रोबच गेलेला वाटतोय. उजेडात राहिला असता तर रंग मेला असता आणि सगळंच फिकं दिसलं असतं, तुमच्याकडे सुरुवातीलाच जास्त आहे म्हणजे प्रोब आधीच तुटलाय. माझाही असाच गेला होता, मे महिन्यात, साध्या पाण्यात विरघळवलेला, रोज तीच एक ट्यूब काढायची, वितळवायची, परत ठेवायची, त्यात दोनदा लाइट गेली. आठ दिवस मी प्रायमर बदलत बसले!

सरांना दोन गोष्टी करून दाखवा. त्याच सॅम्पलवर त्याच प्रायमरनी सायबर ग्रीन (प्रोबशिवाय, तयार झालेल्या डीएनएलाच चिकटून चमकणारा रंग) लावा, ग्राफ नीट चढला तर प्रायमर सुटले. मग थोडा प्रोब बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) घेऊन उजेड मोजा, डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) टाका, थोड्या वेळानं परत मोजा. कित्येक पट वाढला तर प्रोब शाबूत, जेमतेम हलला तर तोडायला काही उरलंच नव्हतं.

नवीन आला की पीएच 8 च्या टीई बफरमध्ये विरघळवा, छोटे छोटे भाग करा, फॉइल गुंडाळून उणे 20 ला. आणि शेवटचा पॉझिटिव्ह कंट्रोल (पक्कं पॉझिटिव्ह सॅम्पल) नीट चढला होता त्या तारखेनंतर जेवढे नमुने निगेटिव्ह म्हणून गेलेत ते सगळे परत लावा, नर्सरीवाल्यांना आजच फोन करून रोपं थांबवायला सांगा.