सक्ती, बंधनकारक, अनिवार्य आणि ती गोड "मुभा"

प्रश्न असा आलाय: "बिल्डिंगच्या जुन्या फायली आवरताना 2021 ची एक नोटीस सापडली. त्यात लिहिलंय, 'लसीकरण ऐच्छिक असून सर्व घरकामगार व ड्रायव्हर यांना बंधनकारक आहे.' हे वाक्य मराठी म्हणून बरोबर आहे का? सक्तीचं, बंधनकारक, अनिवार्य हे तिन्ही एकच ना? आणि सक्ती म्हणजे शक्तीचाच अपभ्रंश का?"

आधी शेवटचं घेतो, ते सोपं आहे. नाही, सक्ती हा शक्तीचा अपभ्रंश नाही. आपली सक्ती फारसीतून आली, मूळ शब्द सख्त म्हणजे कडक, टणक. त्या ख चा मराठीत क झाला आणि मग सक्त ताकीद, सक्तमजुरी ही सगळी पिलावळ आली, शिवाय ज्याला सगळे ईडी ईडी म्हणतात त्याचं सरकारी मराठी नाव सक्तवसुली संचालनालय, तेही त्याच घरातलं. आसक्तीमधली सक्ती मात्र वेगळी, ती संस्कृत, चिकटण्याच्या अर्थाची. गंमत बघा, दिसायला सेम टू सेम पण एक आतून चिकटते आणि दुसरी बाहेरून लादली जाते.

आता मुख्य प्रश्न. डिक्शनरीत बघाल तर तिन्ही शब्द एकमेकांचे अर्थ म्हणून दिलेले सापडतील, आणि पेपरवाले पण तिन्ही आलटून पालटून वापरतात, एकाच बातमीत हेडिंगला सक्ती, पहिल्या परिच्छेदात बंधनकारक आणि शेवटी अनिवार्य, कारण शाळेत शिकवलंय की एकच शब्द परत परत वापरू नये. पण माझ्या मते हे एक नाहीत, आणि त्यांच्यातला फरक अर्थापेक्षा वाक्यरचनेत जास्त आहे.

सक्ती "करावी" लागते. म्हणजे वाक्यात करणारा लागतो, अमक्याने तमक्यावर अमुक गोष्टीची सक्ती केली. करणारा लपवून "सक्ती आहे" म्हटलंत तरी ऐकणारा लगेच विचारतो, कोणाची? अनिवार्य मात्र नुसतं "असतं". मूळ अर्थ ज्याचं निवारण करता येत नाही, जे टाळता येत नाही असं. मृत्यू अनिवार्य, मोह अनिवार्य. तिथे कोणी माणूस नसतोच, जणू आभाळातून पडलंय. (आणि लसीच्या बाबतीत हे अजूनच मजेशीर होतं, लस कशासाठी तर रोगनिवारणासाठी, आणि ती स्वतः अनिवार्य!) बंधनकारक या दोघांच्या मधलं. बंधन म्हटलं की कायदा, करार, नियम असं काहीतरी कागदावरचं डोळ्यासमोर येतं, सही केली असेल तर बांधलेले आहात, माणूस दिसत नाही पण कागद दिसतो.

म्हणून होतं काय की लादणारा शक्यतो अनिवार्य किंवा बंधनकारक म्हणतो आणि ज्याच्यावर लादलं जातं तो सक्ती म्हणतो. याचं अगदी ताजं उदाहरण लसीचं नाही, भाषेचं आहे. एप्रिल 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारचा जीआर आला, पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा, आणि त्यात शब्द होता अनिवार्य. लोकांनी त्याला काय नाव दिलं? हिंदीसक्ती. अनिवार्य हिंदी असं कोणी म्हणालं नाही. मग जूनमध्ये सुधारित जीआर आला त्यात अनिवार्य जाऊन "सर्वसाधारणपणे" आलं, तेव्हाही लोक म्हणाले की शब्द बदललाय सक्ती तीच आहे, आणि जूनच्या शेवटी दोन्ही जीआर रद्द झाले. अख्खा वाद एका विशेषणावर, भाषेची आवड असणाऱ्यांसाठी मेजवानीच होती ती! पुण्यातल्या हेल्मेटसक्तीचंही तसंच, कायद्यात हेल्मेट घालणं ही साधी तरतूद आहे, सक्ती हा शब्द जोडला तो डोक्यांनी.

हाच चष्मा लावून 2021 कडे बघा. 16 जानेवारी 2021 ला लसीकरण सुरू झालं तेव्हापासून केंद्र सरकारचं म्हणणं ठाम होतं की लस ऐच्छिक आहे, सक्ती नाही. कागदावर ते खरंच होतं. पण 15 ऑगस्ट 2021 पासून मुंबईची लोकल कोणाला? दोन डोस होऊन 14 दिवस झालेल्यांना. आणि त्याची घोषणा कशी होती आठवा, दोन डोस घेतलेल्यांना लोकल प्रवासाची "मुभा". मुभा हा शब्द अरबी मुबाह वरून आलाय, म्हणजे ज्याला मनाई नाही असं. आता जो माणूस अंबरनाथहून दादरला पोटासाठी येतो, त्याला लस घेतल्यावर प्रवासाची मुभा देणं आणि लस न घेतल्यास प्रवास बंद करणं यात फरक काय, शून्य, फक्त एका वाक्यात सरकार उदार दिसतं आणि दुसऱ्यात कडक. सक्ती हा शब्द टाळायचा असेल तर मुभेसारखा शब्द नाही. मला वाटतं कोविडकाळातल्या सरकारी मराठीतला सगळ्यात हुशार शब्द तोच.

त्या मानाने औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, नोव्हेंबर 2021 चा आदेश सरळ होता. जिल्हाधिकाऱ्यांनी सांगितलं की निदान एक डोस घेतलेला असेल तरच पेट्रोल, रेशन आणि गॅस. इथे मुभाबिभा काही नाही, लस नाही तर पेट्रोल नाही. आवडो न आवडो, पण त्या आदेशाला सक्ती म्हणताना कोणाला डिक्शनरी उघडावी लागली नाही.

पुढे हे सगळं कोर्टात गेलं. मुंबईच्या लोकलचे आदेश नीट प्रक्रिया न पाळता काढले म्हणून फेब्रुवारी 2022 मध्ये हायकोर्टाने सरकारला चांगलंच सुनावलं. आणि 2 मे 2022 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर. त्याची मराठी बातमी सगळीकडे एकाच वाक्यात आली, "कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही." वाक्य बरोबर, पण निकाल त्याहून बारीक होता. कोर्ट म्हणालं की घटनेच्या कलम 21 मुळे स्वतःच्या शरीरावर माणसाचा हक्क आहे, त्यामुळे जबरदस्तीने टोचता येणार नाही. सरकारचं लसीकरण धोरण मनमानी आहे असं काही कोर्ट म्हणालं नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार काही निर्बंध घालू शकतं पण ते गरजेच्या मापात हवेत, आणि राज्यांनी लस न घेतलेल्यांवर घातलेले निर्बंध त्या वेळची स्थिती बघता तसे नव्हते. म्हणजे कोर्टाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या, धरून सुई टोचणं आणि टोचून न घेणाऱ्याची वाट अडवणं. मराठीत पहिलीला जबरदस्ती म्हणा, दुसरीला सक्ती. जबरदस्त म्हणजे फारसीत ज्याचा हात वर तो, जबर म्हणजे वर आणि दस्त म्हणजे हात. दंड धरणारा हात त्यात दिसतोच. दुसरीत हात कुठेच नाही, फक्त गेटवरचा टीसी आहे.

बाहेरच्यांनाही हा शब्दांचा घोळ चुकला नाही. ऑस्ट्रियाने 5 फेब्रुवारी 2022 पासून प्रौढांना लस कायद्याने लागू केली, दंड 3600 युरोपर्यंत, आणि महिन्याभरात, एकालाही दंड होण्याआधी, कायदा स्थगित केला, मग उन्हाळ्यात रद्दच. तिथे जर्मन भाषेत कायद्याच्या बाजूने असलेल्यांचा शब्द इम्फफ्लिश्त, त्यातला फ्लिश्त म्हणजे कर्तव्य, आणि विरोधकांचा शब्द इम्फत्स्वांग, त्यातला त्स्वांग म्हणजे आपली सक्ती. (उच्चार माझा कच्चा आहे, पुण्यातल्या जर्मनवाल्यांनी माफ करावं.) अमेरिकेतली आपली मंडळी तेव्हा फोनवर सर्रास म्हणायची "ऑफिसात मँडेट आलंय", आणि इकडे आमच्या काकांना वाटायचं निवडणूक आहे की काय, कारण मराठी पेपरात मँडेट म्हणजे जनादेश. लोकांनी दिलेला तो जनादेश आणि लोकांना दिलेला तो पण मँडेट, इंग्रजीत एकच शब्द दोन्हीकडे तोंड करून बसलाय.

पण मूळ भांडण फार जुनं. इंग्लंडमध्ये 1853 च्या कायद्याने तान्ह्या मुलांना देवीची लस सक्तीची झाली, न देणाऱ्या आईबापांना दंड, दंड नाही भरला तर घरातलं सामान जप्त नाहीतर तुरुंग, आणि लेस्टर शहरात 1885 मध्ये त्याविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला. शेवटी 1898 मध्ये कायद्यात पळवाट ठेवली की मनाला पटत नसेल तर तसं मॅजिस्ट्रेटना पटवून द्या आणि सूट घ्या. युद्धात बंदूक उचलायला नकार देणाऱ्यांसाठी इंग्रजीत जो कॉन्शन्शस ऑब्जेक्टर शब्द पुढे गाजला तो आधी या लस नाकारणाऱ्यांसाठी रुळला. मराठीत त्याला सुटसुटीत शब्द नाही, सदसद्विवेकबुद्धीने नकार देणारा वगैरे म्हटलं की सूट मिळेपर्यंत साथ संपेल. पण आपल्याकडे एक शब्द आहे जो दोन्ही अर्थ सांभाळतो, टोचणी. सुईची टोचणी आणि मनाची टोचणी. हा माणूस मनाच्या टोचणीपायी सुईची टोचणी नाकारतो, बस्स.

आपल्याकडे मुंबई शहरासाठी 1877 मध्येच कायदा झाला की लहान मुलांना देवी काढणं सक्तीचं. "देवी काढणं" हा पण काय शब्दप्रयोग आहे! देवी आल्या म्हणजे रोग झाला आणि देवी काढल्या म्हणजे लस टोचली, रोगही देवीच आणि उपायही देवीच. माझी आजी सांगायची की गावात देवी काढणारा आला की बायका पोरांना माळ्यावर लपवायच्या, आणि त्याच आजीच्या दंडावर दोन मोठे वण होते, म्हणजे तिला कोणीतरी माळ्यावरून खाली काढलंच होतं. सक्ती होती का विचारलं तर म्हणायची, "सक्ती कसली, मास्तर होता ना सोबत." याचा अर्थ मी अजून लावतोय.

लस शब्दही याच काळातला, म्हणजे या अर्थाने. जखमेतून पाण्यासारखं काही झिरपतं त्याला आपण लस येते म्हणतो, संस्कृतात लसीका. देवीची लस म्हणजे खरोखरच फोडातून काढलेली ती लस होती, एका दंडावरून दुसऱ्या दंडावर. आता कारखान्यात बनते तरी नाव तेच. त्यावरून लसीकरण केलं ते मात्र व्याकरणवाल्यांना खटकतं, कारण शुद्धीकरण म्हणजे जे शुद्ध नाही ते शुद्ध करणं, त्या हिशोबाने लसीकरण म्हणजे माणसाची लस करणं! रुळलाय शब्द, राहू दे. हिंदीत टीकाकरण म्हणतात त्यापेक्षा बरा, मराठी माणसाला स्टेशनवर "टीका लगवाइए" वाचून वाटतं की आपल्याला सांगायची काय गरज, ते तर आपण रोजच करतो.

एक गोष्ट सांगायची राहिली, सक्ती हा शब्द कायम वाईटच होता असं नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या मराठी नावात आजही "मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क" आहे, सक्ती आणि हक्क एकाच नावात मांडीला मांडी लावून. तिथे सरकार सक्ती म्हणायला लाजलं नाही. म्हणून मला वाटतं की लसीच्या बाबतीत सरकारला खरोखर पटलं होतं की ही गरज आहे, तर मुभा आणि ऐच्छिक असं फिरवून बोलण्यापेक्षा सरळ सक्ती म्हणायला हवं होतं. म्हणजे मग निदान करणारा कोण, कोणत्या कायद्याने आणि किती दिवस हे विचारता आलं असतं. मी स्वतः तिन्ही डोस घेतलेत, रांगेत उभं राहून, राजीखुशीने, त्यामुळे हा लसीविरुद्धचा सूर नाही हे सांगून ठेवतो नाहीतर आत्ता कोणीतरी सुरू होईल.

आता तुमची नोटीस. "ऐच्छिक असून बंधनकारक" हे व्याकरणाने चूक नाही, कारण "असून" चा एक अर्थ "असूनही" होतो, श्रीमंत असून कंजूष तसं. लिहिणाऱ्या सेक्रेटरीच्या मनात तो अर्थ नसणार, त्यांनी पहिला अर्धा भाग सरकारी पत्रकातून उचलला असेल आणि दुसरा मीटिंगमधून. बंधनकारकही तिथे बसत नाही, घरकाम करणाऱ्या मावशींनी सोसायटीशी कसलाच करार केलेला नव्हता, बांधलं कशाने? आणि ऐच्छिक कोणाला तर फ्लॅटवाल्यांना, बंधन कोणाला तर कामवाल्यांना, हे वाक्यात न बोलता आलंच आहे. मी लिहिली असती तर: "कमिटीने ठरवले आहे की लस न घेतलेल्या घरकामगार व ड्रायव्हर यांना गेटच्या आत सोडले जाणार नाही. सभासदांना ही अट नाही." असं लिहिलं असतं तर ती नोटीस बोर्डावर लागली असती का, हे तुमच्या कमिटीला विचारा.